गाविलगडावरचा घास

आमच्या वरच्या खोलीत राहायला आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी गच्चीवर जाऊन चारही बाजूंना पाहिलं आणि मला विचारलं, "मावशी, डोंगर किधर है?"

अकोल्यात डोंगर कुठून आणायचा? मी उत्तरेकडे हात केला. तिकडे अंजनगाव सुर्जीच्या बाजूला माझं माहेर आहे आणि माहेरच्या शेतातून सातपुडा दिसतो. पण एवढं सगळं सांगणं मला कुठलं जमायला. मी नुसता हात केला. ती बिचारी बराच वेळ तिकडे पाहत राहिली. तिकडे पाण्याची टाकी होती आणि मोबाइलचा टॉवर.

मुलगी इथिओपियाची. आफ्रिकेतला तो देश सगळा उंच डोंगरांचा आहे, असं तिनेच मागाहून सांगितलं. इथल्या विद्यापीठात ती शेतीचं मोठं शिक्षण घ्यायला आली होती. होस्टेलमध्ये न राहता तिला खोली हवी होती, कारण स्वतःची कॉफी स्वतः भाजून करायची होती. आमच्या ह्यांनी होकार दिला. मी आतूनच ऐकलं.

मी अनोळखी माणसापुढे बोलत नाही. पहिल्यापासूनच तशी. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण बाईंनी उभं केलं की उत्तर येत असूनही तोंडातून निघायचं नाही. अजूनही पाहुणे आले की मी चहा पाठवते, स्वतः जात नाही. या मुलीशी बोलताना मात्र लाज वाटली नाही. तिचं बोलणं माझ्यापेक्षाही मोडकं होतं. थोडी हिंदी, थोडी मराठी, उरलेले हातवारे. चुकलं तर दोघींचंही चुकणार, मग भ्यायचं कशाला? बघता बघता ती आमच्यासारखीच बोलायला लागली. विद्यापीठातल्या पुण्याकडच्या मुली हसल्या, की ही 'मले-तुले' करते. ती त्यांना म्हणाली, "मंग तुमी काहून नाही करत?"

संक्रांत होऊन गेली, थंडी ओसरली, आणि तिचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू झाला. जवळजवळ दोन महिने चालतो. दूध, दही, तूप, अंडं, मटण, काही नाही. शिवाय दुपार कलेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. शनिवारी-रविवारी तेवढी सकाळपासून खायची मोकळीक, बाकी नियम तोच. मी तिच्यासाठी वरण-भाकरी आणि तेलातली भाजी झाकून ठेवायची. ती प्रयोगशाळेतून दमून यायची, दोन घास खायची आणि झोपायची. गालाची हाडं वर आली.

दर रविवारी चर्चमधून आल्यावर तिची आई तिकडून व्हिडिओवर फोन करायची. मला जिन्यातून आवाज यायचा. भाषा कळायची नाही, पण आईचं रागावणं कोणत्याही भाषेत कळतं. एका रविवारी फोन झाल्यावर ती खाली आली आणि ओट्यावर माझ्याशेजारी बसली. मी हरभऱ्याची भाजी निवडत होते. तीही निवडू लागली.

"आई म्हन्ते, वापस ये," ती म्हणाली. "म्हन्ते, तिकडं तुले कोनी खाऊ घालत नाही."

"अन् तू काय म्हनलं?"

"मी म्हनलं, मले नाही यायचं. माझा अभ्यास अर्धा हाये. आई म्हन्ते, पुढच्या रविवारी मी तुह्यं तोंड पाह्यतो. असंच दिसलं तर मामाले सांगून तिकीट पाठवतो."

मला ते लागलं. रोज दोन वेळा माझी चूल पेटते, आणि कोणी खाऊ घालत नाही? पण त्या माउलीचंही खोटं नव्हतं. पोरगी वाळली होती हे मलाही दिसत होतं. ती गेली तर वरची खोली काय, दुसरं कोणी येईल. पण मी मग कोणाशी बोलणार होते?

संध्याकाळी मी माहेरी दादाला फोन लावला. फोनवर तर मी आणखीच कमी बोलते. म्हटलं, "शनिवारी येतो. पोरीले डोंगर दाखवाचा हाये. तिले उपास हाये." आणि ठेवून दिला.

शनिवारी सकाळी आम्ही अकोटवरून जाणाऱ्या बसमध्ये बसलो. शेजारच्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "कुठची हाये वो ही?" मी पदर सावरू लागले तोवर तीच म्हणाली, "अकोल्याची." बाईने तिला पुन्हा एकदा निरखलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "अकोल्यात कोन्या भागात?" मागच्या बाकावरची माणसं हसली, बाईही हसली, आणि मग तिने पोरीच्या ओंजळीत ओला हरभरा ओतला.

घरी पोचलो तर वहिनीने अंगणात पाट मांडून ठेवलेले. वहिनी माझ्या अगदी उलट. ती बोलायला लागली की कोंबड्यासुद्धा गप्प होतात. पोरीचा हात धरून तिने तिला पाटावर बसवलं आणि ताट पुढे केलं. साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी, दह्यात कालवलेली काकडी, तुपात परतलेले बटाटे, भगर, वरून ताकाची कढी आणि वाटीभर मलईचं दूध. पहाटेपासून खपली होती बिचारी.

पोरीने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पोटात तर भूक होती.

"खाय ना बाप्पा! सगळं उपासाचंच हाये," वहिनी म्हणाली.

मी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की तिला दूध, दही, तूप चालत नाही.

"दूध चालत नाही? अन् उपास हाये म्हनते?"

"हो."

"मंग काय चालते?"

"वरण चालते. भाकर चालते. वांगं, कांदा, लसूण, सगळं चालते. फक्त तेलातलं पाह्यजे."

वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कांदा-लसूण चालते, वांगं चालते, अन् दूध नाही चालत? कोन्या देवाचा उपास हाये हा? अवो, मले बी त्याच देवाचा पत्ता द्या. मी जन्मभर साबुदाना गियून राहिली!"

दादा खाटेवर बसून हसत सुटला. वहिनीने सगळा राग त्याच्यावर काढला. "तुमाले फोन आला होता ना? इचाराचं नाही का, कसा उपास हाये म्हनून?"

"बाई तीन वाक्याच्या वर बोलते का फोनवर? मी इचारेपर्यंत तिनं ठेवला," दादा म्हणाला. ते खरंच होतं. मी जमिनीकडे पाहत राहिले. उपासाचं ताट शेवटी दादाने आणि मी संपवलं. बटाटे छान झाले होते.

वहिनी वांगी आणायला परसात गेली, तेवढ्यात पोरगी उठून अंगणाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे ताडपत्रीवर दादाची पानपिंपरी वाळत घातली होती. आमच्या अंजनगावच्या बाजूला हिचे वेल लावतात. मिरीसारखीच तिखट, पण लांबट, शेंगेसारखी. वाळली की काळी पडते. व्यापारी औषधांसाठी घेऊन जातात. पोरीने एक उचलली, नखाने मोडली, नाकाशी धरली, आणि एकदम खालीच बसली. मला वाटलं चक्कर आली. मी धावले. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"मावशी, हे आमच्या घरी हाये. आई डाळीत टाकते."

"डाळीत?" दादा उठून आला. "पोरी, हे औषधाचं हाये. खोकला झाला की मधात देतेत. आमी आजवर भाजीत टाकलं नाही."

"मंग तुमी काय टाकता?"

"आमी इकून टाकतो!"

त्या दुपारी वहिनीच्या चुलीचा ताबा पोरीने घेतला. तिने ढीगभर कांदा बारीक चिरून आधी तेलाशिवायच परतला. वहिनी मागे उभी राहून दर घडीला म्हणायची, "लागते पाह्य, खाली लागते!" मग तेल, तिखट, लसूण, आलं, मसुराची डाळ, आणि शेवटी पाट्यावर वाटलेली पानपिंपरी. वास असा सुटला की शेजारची म्हातारी काठी टेकत कुंपणाशी आली आणि कोणाला खोकला झाला म्हणून विचारू लागली.

आम्ही ज्वारीच्या भाकरीशी ते खाल्लं. पहिल्या घासाला दादाच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या घासाला तो म्हणाला, "आता मी हे इकत नाही, जाय." वहिनी म्हणाली, "तिखट हाये, पन तिखटाची तऱ्हा अलग हाये." वहिनीकडून एवढं म्हणजे पुष्कळच. आणि पोरगी? ती खात होती. भाकरी मोडत होती, डाळीत बुडवत होती आणि खात होती. मी नजर लागू नये म्हणून दुसरीकडे पाहत राहिले. पण एका दुपारच्या जेवणाने गाल भरत नाहीत, हेही मला माहीत होतं. उद्या रविवार होता.

रविवारी डोंगरावरच्या गाविलगडावर जायचं ठरलं. वहिनी म्हणाली, मीही येते. लग्न होऊन आल्यापासून ती डोंगर रोज पाहत होती आणि एकदाही वर गेली नव्हती. मीसुद्धा नाही. लहानपणी निंदायला जायचो तेव्हा समोर सातपुडा निळा दिसायचा. तो नुसता पाहायचा, चढायचाही असतो हे कधी मनातच आलं नाही.

सकाळी अंगणात गोवऱ्या पेटवून वहिनीने रोडगे भाजले. जाडसर गव्हाच्या पिठात ओवा, मीठ आणि तेल घालून मळायचं, लाटून घड्या घालून गोळे करायचे आणि तापल्या राखेच्या आरात पुरायचे. वरून करपतात, आतून पदर सुटतात. एरवी आम्ही गरम रोडगा फोडून त्यावर तूप ओततो. त्या दिवशी वहिनीने तुपाचं भांडं स्वतःच फडताळात ठेवलं आणि कडी लावली. "हात सवयीनं जाते," म्हणाली. वांग्याची भाजी शेंगदाण्याचं कूट घालून तेलात केली. सगळं डब्यात भरून आम्ही परतवाड्याची बस धरली आणि तिथून जीपने घाटातून चिखलदऱ्याला गेलो.

घाटात पळस फुलला होता. वळणावळणाला वहिनी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची आणि पोरगी खिडकीतून डोकं बाहेर काढायची. वर उतरलो तर वारा गार. पोरीने मोठा श्वास घेतला. तिची चालच बदलली. अकोल्यात ती पाय ओढत चालायची, इथे शेळीसारखी टुणटुण पुढे. आम्ही तिघं मागे धापा टाकत. दादा म्हणायचा, "थांब वो पोरी, आमाले तिथं जिवंत न्याचं हाये ना?"

गाविलगडाचे दरवाजे एकामागून एक येतात. एक आला की वाटतं झालं, तर पुढे दुसरा. मी चपला हातात घेतल्या आणि पदर खोचला. शेवटी आत पोचलो तर सगळीकडे वाळलेलं गवत, मोठाले तलाव आणि पडके बुरूज. तटाच्या कडेला गेलो आणि खाली पाहिलं. सगळा वऱ्हाड खाली पसरलेला. काळी, हिरवी, पिवळी चौकटी चौकटीची वावरं पार नजर पोचेपर्यंत.

"आपलं वावर कोनतं?" वहिनीने विचारलं.

"ते पाह्य. त्या झाडाजवळचं," दादाने ठामपणे बोट दाखवलं.

"कोन्या झाडाजवळचं? हजार झाडं हायेत."

"ते हिरवं."

"आपला तं हरभरा निघाला. हिरवं कुठून येईन?"

दादाने बोट थोडं डावीकडे नेलं. आम्ही सगळे हसलो. खालून डोंगर पाहून जन्म गेला, आणि वरून स्वतःचं वावर ओळखू येईना.

फोनची वेळ झाली होती. पोरीने फोन काढला आणि तिचा चेहरा उतरला. रेंज नव्हती. ती फोन वर धरून गवतातून इकडे तिकडे फिरू लागली. आईला वेळेवर फोन लागला नाही तर ती काय समजेल, हे सांगायची गरज नव्हती. दादाने एका राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, त्या बुरजावर जा, तिथे लागतो कधी कधी. बुरजाच्या पायऱ्या ढासळल्या होत्या. पोरगी चढली. वरून ओरडली, "लागला! मावशी, वर या! आई तुमाले पाह्यतो म्हन्ते!"

मी वहिनीच्या मागे सरले. चढण्याची भीती नव्हती. आजवर मी कोणाच्या फोनमध्ये आले नव्हते. लग्नाच्या फोटोतसुद्धा माझी मान खाली आहे. मी वहिनीला म्हटलं, तू जा. वहिनी एका पायावर तयार. तिने मला ढकलतच वर नेलं आणि स्वतः फोनपुढे गेली. "राम राम वो! काही कायजी करू नका! आमच्या इथं खाण्यापिण्याची काहीच कमी नाही, म्हनावं!"

फोनमध्ये पांढरी ओढणी घेतलेली एक बाई होती. माझ्याच वयाची असेल. ती वहिनीकडे पाहून हसली, पण डोळे आपल्या लेकीच्या गालांवर फिरत होते. ती काहीतरी बोलली. पोरगी म्हणाली, "आई म्हन्ते, ही बाई चांगली हाये. पन जी रोज सैपाक करते ती कुठं हाये?"

आता सुटका नव्हती. मी पुढे झाले. पदर तोंडावर आला होता तो पोरीनेच बाजूला केला. त्या बाईने मला नीट पाहिलं. मीही पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. झोप लागत नसावी. मी नुसते हात जोडले. तिने मग बोलणं सोडलं. तिने आपली पाची बोटं जुळवली, हात फोनजवळ आणला आणि स्वतःचं तोंड उघडून दाखवलं.

पोरगी लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "आई म्हन्ते, तुमी मले भरवा. आमच्या इथं ज्याच्यावर जीव हाये, त्याले आपल्या हातानं मोठा घास देतेत. घरी आई रोज देते. म्हन्ते, माझ्या जागी तुमी द्या. मले पाह्यचं हाये."

बुरजाखाली फिरायला आलेली माणसं जमली होती. एक पोरांचा घोळका वर पाहत होता. आमच्याकडे एवढ्या मोठ्या माणसाला कोण भरवतं? लग्नात नवरा-नवरी एकमेकांना भरवतात, तेही लोकांनी पिच्छा पुरवला म्हणून. माझा हात उठेना. पण ती बाई तोंड उघडूनच बसली होती. लहान मुलापुढे आई बसते तशी. मी खांद्यावरच्या पिशवीतला डबा उघडला. रोडगा मोडला, वांग्याच्या भाजीत चांगला बुडवला आणि घास पोरीच्या तोंडात घातला.

फोनमधून आवाज आला. आई मान हलवत होती.

"म्हन्ते, छोटा हाये," पोरगी तोंडातला घास सांभाळत म्हणाली. "म्हन्ते, एवढासा घास तर पाहुन्याले देतेत."

"अन् एकच कुठी वाढतेत वो?" वहिनी मागून म्हणाली. "आपल्याकडे बी एक वाढत नसते. दे अजून!"

मग मी अर्धा रोडगाच घेतला. वर सबंध वांगं ठेवलं, देठासकट. पोरीने डोळे मोठे केले पण तोंड उघडलं. मी तो कोंबला. रस्सा हनुवटीवरून ओघळला, तो मी पदराने पुसला. तिचे दोन्ही गाल एवढे फुगले की हाडं कुठे दिसेनात. खालच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. फोनमध्ये ती बाई आधी हसली, मग तोंडाला ओढणी लावली, मग पुन्हा हसली. मला एकदम आवाज फुटला. मी म्हटलं, "वाळली हाये, मले बी दिसते. पन उपास तुमचाच हाये ना? तो सुटू द्या. मी भरवीन तिले."

पोरीने ते आपल्या भाषेत सांगितलं. घास तोंडात असल्याने तिला वेळ लागला.   मग आई बोलली. लांबलचक बोलली. पोरगी ऐकत होती आणि तिचा हात माझ्या हातात होता, तेलकट तसाच.

"आई म्हन्ते, उन्हाळ्याच्या सुट्टीत ये, मंग मी पाह्यतो. तोवर राह्य." ती थांबली. "पन म्हन्ते, दर रविवारी मले हे असं दाखवाचं. अन् ह्याच बाईनं."

दादा खालून ओरडत होता, काय झालं म्हणून. वहिनीने बुरजावरूनच सगळ्या गडाला सांगितलं.

उतरताना मला पायऱ्यांची भीती वाटली, चढताना वाटली नव्हती. पोरीने पुढे होऊन हात दिला. तलावाच्या काठी बसून उरलेले रोडगे खाल्ले. खालच्या त्या घोळक्यातल्या एका पोराने येऊन विचारलं, "मावशी, आमाले नाही का भरवत?" वहिनीने त्याला भाजी वाढली, पण सोबत, आईच्या हातचं न खाता चिप्सची पाकिटं घेऊन फिरतो म्हणून बोलणीही ऐकवली.

आता दर रविवारी दुपारी मी केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून वरच्या खोलीत जाते. आमचे हे चिडवतात, की आज शूटिंग आहे का. पहिल्यांदा पदर तोंडावर यायचा, आता येत नाही. तिकडची बाई माझ्या ताटात काय आहे ते पाहते आणि नावं विचारते. झुणका तिला म्हणता येतो. माझा घास कितीही मोठा असला तरी तिला अजून लहानच वाटतो. गेल्या रविवारी उपास सुटला. त्या दिवशी मी तूप घातलेलं पुरण केलं होतं आणि सकाळपासून चुलीपुढेच होते. आईने लेकीला काहीतरी विचारलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं.

"आई विचारते, मावशी, तुमी जेवल्या का?"

"नाही अजून. तुह्यं होऊ दे, मंग."

पोरीने ते आईला सांगितलं. आई काहीतरी ठणकावून बोलली. पोरगी उठली, पुरणपोळीची मोठी घडी करून तुपात बुडवली आणि माझ्यापुढे धरली. मी "नको, नको" म्हणत मागे सरले तर पाठीशी भिंत आली. फोनमध्ये ती बाई तोंड उघडून बसलीच होती. मग मीही उघडलं. घास एवढा मोठा होता, की तूप कोपरापर्यंत गेलं. मायलेकी दोन्हीकडून हसत होत्या, आणि मी तोंड भरलेलं असतानाच हाताने खूण करत होते, की थांबा, दुसरा पण द्या.